किलोला चारशे पावल्या

दिवाळीच्या आधीचा आठवडा हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठा कठीण जातो. पंखे पुसायला आपण स्टुलावर चढायचे नाही, माळ्यावरची भांडी आपण उतरवायची नाहीत, आणि स्वयंपाकघरात तर पाऊलही टाकायचे नाही. कारण तळणीच्या नुसत्या वासाने साखर वाढते, असा आमच्या हिचा सिद्धांत आहे. तेव्हा एका खुर्चीतून उठून दुसऱ्या खुर्चीत बसावे, आणि ती खुर्ची झाडायची वेळ आली की पुन्हा पहिल्या खुर्चीत यावे, एवढाच उद्योग मला उरतो.

गेल्या वर्षी असाच फिरत फिरत मी जेवणाच्या टेबलापाशी येऊन टेकलो. समोर आमची नात वही उघडून बसली होती. ती नववीत. सहामाहीचे पेपर हातात आले होते, आणि रसायनशास्त्राच्या पेपरावरचा लाल शाईचा आकडा तिने तळहाताने झाकला होता. मी तिकडे बघितलेच नाही असे दाखवले. चाळीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दुसऱ्याचा आकडा न बघितल्यासारखे करणे चांगले जमते.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आजोबा, मोल म्हणजे काय हो?"

मी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून, करंजीला मुरड घालता घालता, आजीचा आवाज आला, "मोल म्हणजे किंमत! एवढंही ठाऊक नाही होय गं?"

"ते मोल नाही आजी, केमिस्ट्रीतलं मोल!"

"मग ते तुझ्या बाबाला विचार. तो इंजिनिअर आहे."

इंजिनिअर त्या वेळी पडदे काढत होता. तो शिडीवरून उतरला, तिच्या वहीच्या कोपऱ्यात त्याने एक त्रिकोण काढला, त्याचे तीन भाग केले, आणि म्हणाला, "हे बघ. वर ग्रॅम, खाली डावीकडे मोल, उजवीकडे रेणुवस्तुमान. जे हवं त्यावर बोट ठेव, उरलेलं उत्तर. झालं!" आणि तो पुन्हा शिडीवर चढला.

"पण बाबा, मोल म्हणजे काय?"

"अगं, ग्रॅम भागिले रेणुवस्तुमान!" वरून उत्तर आले.

नातीने वही मिटली. "दहावीनंतर मी सायन्स घेणार नाही," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला काही वाटले नसते. ती अगदी समजूतदारपणे म्हणाली, एखाद्याने आवडीच्या दुकानातून किंमत विचारून परत यावे तशी. तो सूर माझ्या ओळखीचा होता. साठ वर्षांपूर्वी तो माझ्याच तोंडून निघाला होता.

* * *

आमचे घर साताऱ्याला होते. जुना वाडा, मातीच्या भिंती, आणि दर दिवाळीच्या आधी त्या भिंतींना चुना. दादा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून. पण सफेतीच्या दिवशी ते धोतराचा काचा मारून, डोक्याला पंचा गुंडाळून अंगणात उभे राहत. भट्टीवरून कळीच्या चुन्याचे पोते आलेले असे. ती कळी म्हणजे पांढरेफटक, हलके, दगडासारखे खडे. लोखंडी पिंपात ते खडे टाकून दादा वरून पाणी ओतत, आणि मग आम्हा मुलांना जिच्यासाठी वर्षभर थांबायचे ती गंमत सुरू होई. थंड पाणी, थंड दगड, खाली विस्तव नाही, आणि तरी पिंप रटरट उकळू लागे! वाफा निघत, खडे तडकत, फुगत, पिठासारखे होऊन कोसळत. आई ओसरीवरून ओरडे, "पोरांनो, डोळे सांभाळा!" दुसऱ्या दिवशी तो चुना गाळून त्यात नीळ घालायची आणि कुंचल्याने भिंतीला फासायचा. ओल्या भिंतीवर तो आधी फिकट, करडा दिसे. वाळला की पांढरा होई. आठ-पंधरा दिवसांनी नखाने खरवडला तरी निघत नसे.

हे सगळे मी डोळ्यांनी पाहिलेले, हाताने केलेले. आणि १९६६च्या जानेवारीत, अकरावीच्या, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकच्या पूर्वपरीक्षेत प्रश्न आला : ५० ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली असता किती ग्रॅम कळीचा चुना मिळेल? मी उत्तर लिहिले : ५० ग्रॅम. चुनखडी भाजली की चुना होतो हे मला ठाऊक होते; मधल्यामध्ये काही कमी होत असेल अशी शंका मला आली नाही. मास्तरांनी त्या ५० भोवती असे वर्तुळ काढले की कागद फाटला.

पण दोष नुसता माझा नव्हता, हे आज सांगायला हरकत नाही. या प्रकरणाची सुरुवात आदल्या पावसाळ्यात झाली होती. आमच्या वेळी 'मोल' हा शब्द शाळेत आला नव्हता. 'ग्रॅम-रेणुभार' असे भारदस्त नाव होते. मास्तरांनी वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिले : चुनखडीचा रेणुभार १००, म्हणून १०० ग्रॅम चुनखडी म्हणजे एक ग्रॅम-रेणुभार. मी हात वर केला. म्हणालो, "सर, रेणुभार १०० म्हणजे एक रेणू हायड्रोजनच्या अणूच्या शंभरपट जड. मग त्यात ग्रॅम कुठून आले?"

मास्तर हसले. "ग्रॅम कुठून आले ते परीक्षेत विचारत नाहीत," ते म्हणाले. "उत्तर कुठून येतं तेवढं बघ."

वर्ग खो खो हसला. मी खाली बसलो, आणि त्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाही.

मॅट्रिक झालो. गणितात, संस्कृतात गुण बरे होते, रसायनात काठावर. दादांनी माझ्यासाठी पोस्टात एक पुस्तक उघडलेले होते. दर महिन्याला त्यात पाच-दहा रुपये पडत. मुलगा इंजिनिअर व्हावा म्हणून ते पैसे आहेत हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नसे. निकालानंतर दादांनी विचारले, "मग आता सायन्स ना?" मी म्हणालो, "मला हिशेबाची आवड आहे. मी कॉमर्सला जातो." असे म्हणण्याची मी तीन दिवस तालीम केली होती. दादांनी माझ्याकडे बघितले, चष्मा पुसला, आणि "बरं" म्हणाले. पोस्टातले पैसे दोन वर्षांनी ताईच्या लग्नात खर्च झाले. पुढे कोणी विषय काढला की दादा म्हणत, "सायन्स त्याला सहज झेपलं असतं. पण त्याला हिशेबाची आवड!" ते असे म्हणत तेव्हा मी उठून पाणी प्यायला जात असे.

* * *

हिशेबाची आवड मात्र मला बँकेत गेल्यावर खरोखरच लागली. १९७२ साली एका तालुक्याच्या गावी मी कॅशमध्ये लागलो. गावात एक मोठे देवस्थान होते. सोमवारी त्याच्या दानपेट्या उघडत, आणि मंगळवारी चिल्लरीची पोती आमच्या दारात येत. पावल्याच पावल्या. पहिल्या मंगळवारी मी शर्टाच्या बाह्या सारून मोजायला बसलो. हेड कॅशियर म्हणाले, "काय हो, किती दिवस मोजणार? काटा घ्या."

मग त्यांनी मला तो मंत्र दिला. पंचवीस पैशांचे नाणे अडीच ग्रॅमचे. पन्नास पैशांचे पाच ग्रॅमचे. किलोला चारशे पावल्या, किलोला दोनशे अधेल्या. कोणतेही घ्या, किलोला शंभर रुपये! हा योगायोग नव्हता. टांकसाळीतल्या लोकांनी विचार करूनच ही वजने ठेवली असणार. अधेली नेमकी पावलीच्या दुप्पट. आम्ही दोन्ही नाणी वेगळी करायचो, थैली काट्यावर ठेवायचो, आकडा वाचायचो, आणि पाव तासात पोते संपायचे. एकही नाणे न मोजता हजारो नाणी मोजून व्हायची. पडताळा म्हणून एखादी थैली उघडून हाताने मोजली तर झिजलेल्या नाण्यांमुळे एखाद-दुसऱ्याचा फरक पडे, इतकेच.

हा व्यवहार मी वर्षानुवर्षे केला. आणि वाचकहो, खरे सांगतो, त्या सगळ्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आले नाही की आपण जे करतो आहोत त्यालाच रसायनशास्त्रात ग्रॅम-रेणुभार म्हणतात. आमच्या चिरंजीवांनी १९९० च्या सुमारास मला हाच प्रश्न विचारला होता, आणि दिवसभर चिल्लर तोलून आलेला मी त्याच्यावर ओरडलो होतो, "कशाला नसते प्रश्न? पाठ कर!" त्याने पाठ केले. आज्ञाधारक मुलगा! तो त्रिकोण त्याने अजून जपून ठेवला आहे.

* * *

नातीने वही मिटली त्या रात्री मला झोप आली नाही. उठलो, तिचे पुस्तक घेऊन दिव्याखाली बसलो. इंग्रजीतून होते, पण आकडे सगळ्या भाषांत सारखेच असतात. वाचता वाचता एका जागी थांबलो. हायड्रोजनचा अणू १, ऑक्सिजनचा १६. एक ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतले तर दोन्हींत अणूंची संख्या सारखी. मी ते वाक्य तीनदा वाचले. मग उठून कपाटातला बोर्नव्हिटाचा जुना डबा काढला. ३० जून २०११ पासून पावली व्यवहारातून गेली. पण त्याआधी जमवलेली दोन-तीन शेर नाणी मी तशीच ठेवून दिली होती. ही त्याला 'भंगार' म्हणते.

सकाळी फराळाच्या घाईत मी सूनबाईंचा केकसाठी आणलेला काटा पळवला आणि नातीला गॅलरीत बोलावले.

"या अधेल्या, या पावल्या. जुन्याच निवडल्या आहेत. अधेली पावलीच्या दुप्पट जड, एवढंच तुला सांगतो. एकेकीचं वजन किती ते सांगणार नाही. मोजायचं नाही. मला अधेल्या आणि पावल्या सारख्या संख्येने काढून दे."

तिने नाक मुरडले. पण काटा समोर असला की मुलांना राहवत नाही. तिने मूठभर अधेल्या काट्यावर टाकल्या. २०० ग्रॅमला एक कमी. "मग पावल्या १०० ग्रॅम," ती म्हणाली. तिने त्या तोलल्या. "आता मोज." मोजल्या. चाळीस अधेल्या, चाळीस पावल्या. हरवलेला एक ग्रॅम लोकांच्या खिशांत झिजून गेला असावा.

"बरं, किलो घेतले असते तर?"

"दोन किलो आणि एक किलो. तरी सारख्याच."

"शेर? तोळे?"

"काहीही. दुप्पट पाहिजे, बस."

हे बोलून झाले आणि ती गप्प झाली. मीही गप्प होतो. ग्रॅम कुठून आले, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला चौदा वर्षांच्या मुलीकडून मिळाले होते. ग्रॅम कुठूनच आले नाहीत! ते आपण आणले. शेर आणले असते तरी चालले असते. एका अणूचे दुसऱ्याशी जे प्रमाण, त्याच प्रमाणात दोन ढीग तोला, की ढिगांतली संख्या सारखी. ढीग केवढा घ्यायचा ही सोयीची गोष्ट. रसायनशास्त्रज्ञांनी अणूंच्या भारांचे आकडे घेतले आणि त्यांच्यापुढे 'ग्रॅम' लिहून टाकले. कार्बन १२ ग्रॅम, ऑक्सिजन १६ ग्रॅम, पाणी १८ ग्रॅम, चुनखडी १०० ग्रॅम. प्रत्येक ढिगात कण तेवढेच. तो ढीग म्हणजे एक मोल. डझन म्हटले की बारा, ग्रोस म्हटले की एकशे चव्वेचाळीस, तसे मोल म्हटले की अमुक इतके. फरक एवढाच, की डझन बोटांनी मोजता येते आणि मोल तोलूनच मोजावे लागते. आणि मोजायचे कशासाठी, तर कण एकमेकांशी जुळतात ते संख्येने. ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनचे दोन अणू धरतो, दोन ग्रॅम नव्हे. निसर्ग मोजतो, आपण तोलतो. म्हणून मध्ये हा दुभाषी लागतो.

"पण आजोबा, अमुक इतके म्हणजे किती?"

हा भाग मी रात्री वाचून ठेवला होता, म्हणून जरा ऐटीत सांगितला. ६०२ वर एकवीस शून्ये. आमच्या लहानपणी एकं, दहं, शतं करत परार्धापर्यंत जायचो आणि जग संपले असे वाटायचे. ही संख्या म्हणजे ६० लाख २२ हजार परार्ध! साडेतीन चमचे पाणी प्यायले की एवढे रेणू पोटात गेले. पृथ्वीवरची ८०० कोटी माणसे, तान्ह्या बाळांसकट, सेकंदाला एक या वेगाने न झोपता मोजत बसली तर सुमारे २४ लाख वर्षांनी मोजणी संपेल. आमच्या हेड कॅशियरना हे काम दिले असते तर ते म्हणाले असते, "काटा घ्या."

गंमत अशी, की ज्याचे नाव या संख्येला दिले आहे, त्या ॲव्होगॅड्रोला ती कधीच ठाऊक नव्हती. हा इटलीतल्या ट्युरिनचा गृहस्थ, शिक्षणाने कायद्याचा पदवीधर. त्याने १८११ साली म्हटले, की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही दोन वायूंत रेणू सारख्याच संख्येने असतात. म्हणजे वायूंना काटासुद्धा नको, बाटली पुरे. यावरून पाण्याच्या रेणूत हायड्रोजन दोन आणि ऑक्सिजन एक हे उघड होत होते. पण अणुवादाचा मोठा आचार्य डाल्टन पाण्यात एकास एक धरून बसला होता, आणि या वकिलाचे कोण ऐकणार? जवळजवळ पन्नास वर्षे ते म्हणणे तसेच धूळ खात पडले. ॲव्होगॅड्रो १८५६ साली वारला. तोवर रसायनशास्त्रात असा गोंधळ माजला होता, की एकाच पदार्थाची सूत्रे चार प्रयोगशाळांत चार तऱ्हेने लिहीत. शेवटी १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे कॅनिझारो नावाच्या दुसऱ्या इटालियनाने आपल्या मृत देशबांधवाची बाजू मांडली. परिषद संपताना त्याची एक छोटी पुस्तिका लोकांच्या हातांत पडली. ती घरी नेऊन वाचणाऱ्यांना हळूहळू पटत गेले. कधी कधी मला वाटते, मोठ्या सभेत जे उमगत नाही ते माणूस घरी दिव्याखाली बसला की उमगते.

तरीही संख्या सापडायचीच होती. इतकी वर्षे हे लोक ढीग तोलत होते, दोन ढिगांत नाणी सारखी आहेत हे जाणत होते, पण ढिगात नाणी किती हे कोणालाच माहीत नव्हते. आणि तरी त्यांचे काम अडत नव्हते. माझ्या नातीचेही अडले नव्हते. १८६५ साली ऑस्ट्रियातल्या लोश्मिटने हवेच्या रेणूचा आकार अंदाजाने काढला, त्यावरून पहिला हिशेब मांडता आला. १९०९ साली फ्रान्सच्या पेराँने पाण्यातल्या सूक्ष्म कणांची धावपळ सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघून ही संख्या बरीच नेमकी ठरवली आणि मोठ्या मनाने तिला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले. २० मे २०१९ पासून तर ती कायद्याने ठरवल्यासारखी पक्की झाली आहे. पूर्वी मोलची व्याख्या १२ ग्रॅम कार्बनवरून करीत. आता सरळ संख्याच सांगतात. गिऱ्हाइकाला 'एवढ्या वजनाच्या' म्हणायच्या ऐवजी 'एवढ्या नगांच्या' म्हणावे तसे.

मध्येच नातीने डब्यातून एक पोलादी पावली काढली, गेंड्याचे चित्र असलेली. "ही पण पंचवीस पैसेच. हिचं वजन तेवढंच?"

तिने दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. १९८८ नंतर ही पोलादी नाणी आली आणि आमचा मंत्र बिघडला. ही पावली जुनीपेक्षा थोडी जड. थैलीत दोन्ही मिसळलेल्या असल्या की किलोला चारशे भरत नसत. एका मंगळवारी माझ्या हिशेबात नाणी जास्त निघाली आणि हातांनी मोजल्यावर कमी. मी घामाघूम झालो होतो. मग आम्ही थैलीतली शंभर नाणी कशीही उचलून त्यांचे वजन करायचो आणि त्यावरून सरासरी धरायचो. मी हे सांगत होतो आणि नात एकदम ओरडली, "क्लोरीन!"

"काय झालं?"

"क्लोरीन साडेपस्तीस असतो. मला वाटायचं अर्धा अणू कसा असेल? दोन तऱ्हेचे असतात आजोबा, पस्तीस आणि सदतीस! मिसळलेले!"

दर चारांत साधारण तीन पस्तिसाचे आणि एक सदतिसाचा, हे तिनेच पुस्तकात शोधून काढले, आणि बेरीज करून भागून साडेपस्तीस आणले. तिचा आवाज ऐकून आजी झारा घेऊन बाहेर आली. "काय चाललंय? इकडे सारण उरलंय ढीगभर आणि पाऱ्या संपल्या. कणीक पुन्हा भिजवावी लागणार."

नातीने माझ्याकडे बघितले. तिच्या वहीत एक उदाहरण अपुरे पडले होते : दोन पदार्थ दिलेले, पैकी कोणता आधी संपेल आणि किती पदार्थ तयार होईल? तिने तिथे पेन्सिलीने लिहिले, 'पारी'. आणि खाली कंसात, 'सारण उरले'. करंज्या किती होणार ते पाऱ्यांवरून ठरते, सारण कितीही असो, हे आमच्या घरात पन्नास वर्षे दर दिवाळीला सिद्ध होत आले आहे. तिची आजी प्रत्येक वेळी सारणच जास्त करते. त्यात माझा फायदा असल्यामुळे मी कधी तक्रार केलेली नाही.

* * *

दुपारी सगळे लवंडले. आम्ही दोघे पुन्हा गॅलरीत. मी तिला चुन्याची गोष्ट सांगितली. पिंप, वाफा, दादांचे धोतर, नीळ, सगळे. तिने कधी भिंतीला चुना लागताना पाहिलेला नाही. आमच्या फ्लॅटला डब्यातला रंग लागतो, तोही दहा वर्षांनी. पण तिने पेन्सिल उचलली.

कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजनचे तीन अणू ४८ : चुनखडी १००. भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड, आमच्या वेळचा कर्बद्विप्राणिल, उडून जातो : ४४. उरतो कळीचा चुना : ५६. म्हणून तर कळीचे खडे हातात घेतले की हलके लागायचे! पिंपात त्याला पाणी मिळते : १८. विरलेला चुना ७४. पाणी बाकी फार ओतावे लागे, कारण निम्मे तर वाफ होऊन जाई. मग भिंतीवर बसून तो चुना हवेतून आपला हरवलेला ४४ परत घेतो, घेतलेले १८ पाणी सोडून देतो, आणि पुन्हा होतो १००. पुन्हा चुनखडी. म्हणजे नखाने खरवडून निघत नसे तो चुना नव्हताच, दगड होता. दर दिवाळीला दादा आमच्या मातीच्या भिंतींवर कागदाएवढ्या पातळ दगडाचा थर देत होते, आणि सफेतीनंतर चार दिवस घरात जो ओलसर गार वास यायचा त्यात थोडे पाणी भिंतीने स्वतः सोडलेले असायचे.

"पोत्यात किती किलो असायचा?" तिने विचारले.

"धर दहा."

ती गुणाकारात गुंतली. पावणेआठ किलोहून थोडा जास्त वायू आमच्या भिंतींनी हवेतून ओढून घेतला, असे तिचे उत्तर आले. "एवढा!" ती म्हणाली, आणि हवेकडे असे बघितले की जणू तिला ती पहिल्यांदाच दिसत होती.

मग मी तिला सांगितले. वर्ग हसला ते, कागद फाटला ते, तीन दिवसांची तालीम, पोस्टाचे पुस्तक, सगळे. दादा १९८४ साली गेले. त्यांना मी हे कधी सांगितले नाही. शेवटच्या आजारात ते एकदा म्हणाले होते, "तुझ्या हिशेबाच्या आवडीमुळे घर चाललं बरं का!" तेव्हा सांगता आले असते. मी औषधाची वेळ झाली म्हणून उठलो.

ही गोष्ट मी मुलालाही सांगितलेली नव्हती. नात ऐकत होती. म्हाताऱ्या माणसाने काही सांगितले की मुले लगेच सांत्वन करू लागतात, तसे तिने काही केले नाही. तिने वहीचे कोरे पान फाडले, त्यावर वळणदार अक्षरात लिहिले, '५० ग्रॅम शुद्ध चुनखडी पूर्णपणे भाजली असता किती कळीचा चुना मिळेल?', आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"सोडवा."

चष्मा पुसून मी सोडवायला घेतले. १०० ला ५६. ५० म्हणजे निम्मे. अर्धा मोल चुनखडी, तर अर्धा मोल चुना. पायऱ्या सगळ्या मांडल्या, समीकरण शब्दांत लिहिले, खाली दोन रेघा मारून उत्तर लिहिले : २८. कागद तिच्यापुढे सरकवला तेव्हा छातीत किंचित धडधडले, हे कबूल करतो.

तिने ओळीवरून ओळ पेन्सिल फिरवली. पहिली पायरी बरोबर. दुसरी बरोबर. शेवटच्या ओळीवर ती थांबली आणि तिने लाल पेन मागितले.

"आजोबा, एकक लिहिलं नाहीत. २८ काय? किलो की तोळे?" आणि अर्धा गुण कापून तिने कागद मला परत दिला.